शेषरावांचा कान

शेषराव माणूस म्हणून कसे, असं कोणी विचारलं की मी आधी त्यांच्या वांग्यांबद्दल सांगतो. वांगी फार चांगली असायची. अनसिंगच्या बाजारात त्यांच्या पोत्यापुढे कायम गर्दी, आणि त्या गर्दीतल्या प्रत्येकाचा पाळीपाळीनं अपमान. मी बदली होऊन तिथल्या शाळेत आलो तेव्हा पहिल्याच बाजारी त्यांच्यापुढे वांगी निवडायला बसलो. एक उचल, देठ बघ, खाली ठेव. शेषरावांनी थोडा वेळ पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "गुर्जी, वांगे घेऊन राह्यले का पोरगी पाहून राह्यले? पसंत नसन तं तसं सांगा, बिचारी वाट पाह्यत राह्यते."

लोक खो खो हसले. मी लाजून हाताला आलं ते पिशवीत भरलं. घरी आल्यावर कळलं, त्यात एकही किडकं नव्हतं.

त्यांचा मळा यष्टी स्टँडापलीकडे, नाल्याला लागून. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. घरात म्हातारी आई, आणि त्याच अंगणात दोन खोल्या बांधून राहणारा धाकटा भाऊ नारायण, त्याची बायको कांता. नारायण शेषरावांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. बाप लवकर मेल्यामुळे शेषरावांनीच त्याला वाढवलं होतं, म्हणजे खायला घातलं होतं आणि उठता-बसता बोलणी ऐकवली होती.

पण मला शेषराव आठवतात ते फाल्गुनातले. होळी झाली, हरभरा निघाला, नाल्यातला पळस फुलला की आमच्याकडे तितर बोलायला लागतात. सकाळी नर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढून ओरडतो. ही जागा माझी, ही मादी माझी, असा त्याचा अर्थ. अशा वेळी जवळपास दुसऱ्या नराचा आवाज आला तर त्याला राहवत नाही, तो तिकडे भांडायला धावतो. सगळी शिकार त्याच्या या रागावर चालते. माणसानं झुडपात बसायचं, तोंडानं तितराचा आवाज काढायचा आणि नर चिडून समोर आला की बार टाकायचा. डुकरांपासून पीक राखण्यासाठी शेषरावांकडे वडिलांच्या वेळेपासून परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुकरं तिला भीत नसत. तितर मात्र बरेच मेले.

तितर मारायला कायद्यानं तेव्हाही बंदी होती, आजही आहे. मी शाळेत मुलांना पक्षी वाचवण्यावर निबंध लिहायला द्यायचो आणि सकाळी शाळेआधी शेषरावांच्या शेजारी पोटावर पडून असायचो. असे सतरा फाल्गुन काढले. का गेलो, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. मला ते आवडायचं.

शेषरावांकडे पिंजऱ्यात एक पाळलेला नरही असायचा, रानातल्याला चिडवण्यासाठी. त्याला ते आदल्या दिवसापासून उपाशी ठेवत. "भरल्या पोटानं कोनी भांडत नाई, गुर्जी," हे त्यांचं शास्त्र. जो पाळलेला नर सकाळी बोलला नाही, तो संध्याकाळी भाकरीबरोबर ताटात यायचा. त्याला मागच्या वर्षीची पुण्याई कामाला येत नसे. एकदा मी म्हटलं, याला आणखी एक दिवस बघू या. शेषराव म्हणाले, "तुमच्या शायेत नापास पोट्टे ठुता तुमी. माह्या शायेत नाई." आणि माझ्यादेखत मान पिरगाळली. तो रस्सा मीही खाल्ला.

नर मारला की दुसऱ्या दिवशी त्याच जागी मादी यायची. ती एकटीच हाका मारत त्या धुऱ्यावर हिंडायची. शेषराव मला कोपरानं ढोसून सांगत, "आली पाहा रांडकी. कालच्याले धुंडून राह्यली." मग ते तोंडानं तिच्या मेलेल्या नराचा आवाज काढत, अगदी हळू. ती धावत यायची, थांबायची, इकडे तिकडे बघायची. तिला ते मारत नसत. दोन-तीनदा असं पळवून सोडून देत. मी हसायचो. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा पोट धरून हसायचो.

असा माणूस, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. आमचं घर बौद्ध, मी मूळचा मेडशीचा. मळ्यावर पहिल्यांदा चहा घेतला तेव्हा त्यांच्या म्हातारीनं माझ्यासाठी वळचणीत खोचलेला वेगळा कप काढला. शेषरावांनी तो माझ्या हातातून घेतला, त्यातला अर्धा चहा स्वतः प्याले, उरलेला मला दिला आणि आईला म्हणाले, "बुढे, तू मरशीन तवा खांद्याले हा मास्तरच येईन. बाकीचे पेऊन पडून राह्यतीन." म्हातारी दोन दिवस जेवली नाही. मला बरं वाटलं आणि तिची दयाही आली. शेषरावांचा चांगुलपणा असा कोणाला तरी ओरबाडूनच बाहेर पडायचा.

त्यांचा खरा अभिमान म्हणजे कान. बंदूक काय, कोणीही चालवतो, असं ते म्हणत. खाटेवर पडल्या पडल्या नाल्यापलीकडचा आवाज ऐकून सांगायचे, हा यंदाचा पोरगा आहे, हा दोन वर्षांचा, याला काल कोणीतरी हुसकावलंय. आणि ते खरं निघायचं. किन्हीराजा गावचा एक माणूस तोंडानं तितर बोलवण्यात पटाईत म्हणून त्या भागात प्रसिद्ध होता. तो एकदा मुद्दाम मळ्यावर आला. गावातली आठ-दहा माणसं जमली. ठरलं असं, की त्यानं नाल्यात कुठेही लपून आवाज काढायचा आणि शेषरावांनी ओळखायचं, पक्षी कोणता आणि माणूस कोणता. शेषराव पाठ करून बशीत चहा ओतत बसले. एक तितर बोलला. "हा आपला रोजचा." दुसरा बोलला. "हा त्याचा शेजारी." तिसरा बोलला. आम्हाला काडीचा फरक कळला नाही. शेषरावांनी बशी खाली ठेवली आणि ओरडले, "निंघ बाहीर! खोकला झाला तुले, आंधी दवा घे!"

तो माणूस बाभळीमागून उठून आला. त्याला खरंच खोकला झाला होता. शेषरावांनी त्याला तेवढ्यावर सोडलं नाही. "घरी जाय अन् त्या आवाजानं बायकोले बलाव. आली तं मले सांगजो." तो बिचारा चहाही न घेता चालता झाला. पुढे त्यानं तितर बोलवणं सोडलं, असं ऐकलं.

या सगळ्यात नारायण कुठे होता? शेषरावांच्या मागे, दोन हात अंतरावर. पिंजरा त्याच्या खांद्यावर, पडलेला पक्षी आणायला तोच धावणार. हलका, हसतमुख माणूस, कोणाला दुखावणं त्याला जमत नसे. त्यालाही तोंडानं बोलवायचा नाद होता. आवाज घुमून परत येतो, आपली चूक आपल्याला कळते, म्हणून तो जुन्या कोरड्या विहिरीत उतरून सराव करायचा. मी म्हणायचो, नारायण, छान जमलं. तो माझ्याकडे बघायचाही नाही, भावाकडे बघायचा. शेषराव म्हणायचे, "कोंबडी कापून राह्यला का बे?" दर फाल्गुनात हेच. माणूस चाळिशीला आला, केस पिकायला लागले, तरी त्याला भावाकडून एकदा 'बरं' एवढा शब्द हवा होता. कांता चिडायची. "दादाच्या बरं म्हनन्यानं का सोनं लागनार आहे तुमाले?" तो नुसता हसायचा.

मग एका सकाळी ते घडलं. एक मोठा नर शेषरावांच्या हाकेला उत्तर देत हरभऱ्याच्या मोकळ्या वावरातून आमच्याकडे येत होता. नारायण डाव्या हाताला, बाभळीखाली. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं एक हाक टाकली. तितर थांबला, मान वळवली आणि सरळ नारायणकडे चालू लागला. शेषरावांनी पुन्हा बोलावलं, आणखी जोरात. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. तो नारायणच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, छाती फुगवून. नारायणकडे बंदूक नव्हती. तो आमच्याकडे बघून लहान मुलासारखा हसत होता.

शेषरावांनी बार टाकला नाही. ते उठले, पिंजऱ्याला लाथ मारली आणि घराकडे चालू लागले. वाटेत एकच बोलले, "उद्यापासून तू तुह्या वावरात बस, मी माह्या. एका नाल्यात दोन नाई चालत." पुढचे दोन फाल्गुन भाऊ वेगवेगळे बसले. अंगण एक, चूल वेगळी होतीच, आता पहाटेही वेगळ्या झाल्या.

ती सकाळ आली तेव्हा नारायण कांताच्या माहेरी, किन्हीराजाला, लग्नाला गेला होता. संध्याकाळपर्यंत येणार नाही, असं सांगून गेलेला. त्यामुळे नाला मोकळा होता. मी आणि शेषराव तरवडाच्या झुडपाआड पडलो होतो. दिवस थोडा वर आल्यावर पलीकडच्या काठावरून एक तितर बोलला. शेषरावांनी माझं मनगट घट्ट धरलं. "आयकलं? जुना नर आहे, गुर्जी. असा आवाज धा वर्सांत नाई आयकला." त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी नव्हे तो आनंद पाहिला. त्यांनी हाक दिली. उत्तर आलं. परत हाक, परत उत्तर. तास दीड तास हे चाललं. आवाज जवळ येत होता, मध्येच रागवत होता, मध्येच गप्प बसून चिडवत होता. शेषराव घामानं भिजले. पलीकडच्या तरवडात जमिनीलगत मातकट रंगाचं काहीतरी हललं. त्यांनी चाप ओढला.

जी किंकाळी आली ती माणसाची होती. नारायणनं डोक्याला मातकट फडकं बांधलं होतं. तो पहिल्या यष्टीनं परत आला होता.

आम्ही धावलो. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. दोन्ही हातांनी डोळे दाबून तो "दादा, दादा" म्हणत होता. शेषरावांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे न बघता दबक्या आवाजात म्हणाले, "गुर्जी, तुमी निंघा. तुमी तती नव्हते. नवकरी जाईन." आणि मी निघालो. वावरातून पळत यष्टी स्टँडवर गेलो, नळाखाली हात धुतले आणि शाळेच्या वेळेला शाळेत हजर झालो. त्या दिवशी मी पाचवीला भागाकार शिकवला.

अकोल्याच्या दवाखान्यात छर्रे काढले, पण दोन्ही डोळे गेले. पोलिसांना नारायणनं स्वतः सांगितलं की बंदूक पुसताना बार उडाला, भावाचा काही दोष नाही. त्याला कोणी तसं सांगायला शिकवलं नव्हतं. बंदूक जमा झाली, प्रकरण मिटलं.

मी आठवड्यानं त्याला भेटायला गेलो. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. पाणी आणायला कांता बाहेर गेली तसा तो म्हणाला, "गुर्जी, एक गंमत सांगू? कोनाले सांगू नोका. म्या पह्यल्याच हाकेले दादाले वयखलं होतं. म्हनलं, आज दादाले फसवाचं. पार जवय येऊ द्याचं अन् मंग हासत उभं राह्याचं. आज तं बरं म्हनावंच लागन त्याले." मग त्यानं विचारलं, "तो फसला असन का हो, गुर्जी?"

त्याचं सगळं या एका प्रश्नावर अडलं होतं. शेषराव फसले असतील, तर नारायणनं जन्मभर मागितलेलं मिळवलं होतं आणि भावाच्या हातून निव्वळ अपघात झाला होता. फसले नसतील, तर भावानं ओळखून गोळी घातली होती. मला उत्तर माहीत होतं. 'जुना नर आहे,' हे शब्द मी कानानं ऐकले होते. पण मी तिथे नव्हतो. मी म्हणालो, "तू आराम कर."

नारायण घरी आल्यावर कांतानं अंगणात शेषरावांना अडवलं. मी ओट्यावर बसलो होतो. ती रडत नव्हती. "भाऊजी, मले काई नाई पाह्यजे. त्यायले फक्त एवढं सांगा का तुमाले वयखू नाई आलं. म्या फसलो, एवढं म्हना. ते रात-दिवस त्याच्यातच जीव घालून राह्यले."

शेषराव म्हणाले, "म्या आजलोक आवाजात चुकलो नाई."

"म्हन्जे वयखून मारलं?"

"तुले जे समजाचं ते समज."

त्यानंतर गावानंही जे समजायचं ते समजून घेतलं. बाजारात त्यांच्या पोत्यापुढची गर्दी ओसरली. मला राहवेना. एक दिवस कांद्याच्या वाफ्यात त्यांना गाठलं. म्हटलं, लोक म्हणतात तुम्ही भावाला ओळखून गोळी घातली, नारायण आतल्या आत कुढतोय, खरं आहे ते बोलायला काय जातं? तुम्ही जुना नर म्हणालात ते मी ऐकलंय.

त्यांनी खुरपं थांबवलं नाही. "तुमी तती होते का? मंग चला, पोलिसात सांगू. नवकरी पाह्यजे का खरं पाह्यजे, एक कोनतं तं घ्या." मी खाली वाकून कांद्यातलं गवत उपटू लागलो. मग आपणच म्हणाले, "म्या चुकलो म्हनलं तं माह्यापाशी राह्यते काय, गुर्जी? वांगे?"

मला त्यांचा इतका राग आला, की मी तीन महिने मळ्यावर फिरकलो नाही. स्वतःचा राग यायला त्याहून जास्त वेळ लागला.

आणि तरीही नारायणचं वावर एक दिवस पडीक राहिलं नाही. शेषराव आधी त्याच्या वाफ्याला पाणी देत, मग स्वतःच्या. त्याची दाढी करत, त्याला आंघोळीला नेत, आणि हे सगळं करताना अखंड बोलत, "हात वर कर बे आंधया, का आता तेबी म्याच करू?" सेवा अशी की सख्खा मुलगा करणार नाही, आणि जीभ अशी की शत्रूनंही आवरावी. हवा होता तो एक शब्द तेवढा त्यांनी दिला नाही. असं अकरा वर्षं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. जायला नोकरी उरली नाही, तेव्हा मला खरं बोलायचं बळ आलं. असल्या बळाची किंमत काय ते मला कळतं. या फाल्गुनात मेडशीहून यष्टीनं निघून दुपारी मळ्यावर पोचलो.

नारायण ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होता. बोटं सराईत झाली होती. त्याच्या दारापासून विहिरीपर्यंत आणि तिथून शेषरावांच्या दारापर्यंत कमरेच्या उंचीवर एक दोरी ताणलेली होती, धरून चालायला. शेषराव नाल्याच्या अंगानं मेथी उपटत होते. वाकले होते, वाळले होते. मला पाहून म्हणाले, "जितेच आहा का? मले वाटलं पेन्शन घेऊन मेले असान."

गप्पा झाल्या. नारायणनं मधेच जुडी खाली ठेवली, मान वर करून तोंडापुढे तळहात धरला आणि तितराची हाक टाकली. काय सांगू! पलीकडच्या काठावरचा खरा तितर लगेच उत्तराला उठला. नारायण हसून म्हणाला, "दादा, हे वयखू येते का?"

"येते."

"अन् त्या दिशी?"

मी शेषरावांकडे बघत होतो. खरं सांगतो, मला वाटलं, माझ्यासमोर, या वयात, आता तरी.

"त्या दिशीबी आलं होतं," ते म्हणाले आणि उठून वाफ्याकडे गेले.

मग मी सगळं सांगितलं. नारायणच्या जवळ सरकून, त्याचा हात हातात घेऊन. मी तिथे होतो, पळून गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, जुना नर आहे म्हणाले, दहा वर्षांत असा आवाज ऐकला नाही म्हणाले. ते फसले होते, नारायण. पुरते फसले होते. तू जिंकला होतास.

ऐकता ऐकता त्यानं हात सोडवून घेतला. एक जुडी बांधून झाली, तिची मुळं त्यानं नीट जुळवली. मग माझा हात थोपटला, मी एखादं घाबरलेलं पोर असावं तसा.

"गुर्जी, तुमी चांगले मान्स आहा. माह्या जिवाले बरं वाटावं म्हनून सांगून राह्यले. पन मी लहानपनापासून पाह्यतो. दादाचा कान नाई चुकत."

मी म्हटलं, अरे, मी शेजारी होतो!

"नाई चुकत," तो म्हणाला आणि दुसरी जुडी घेतली.

मागे पाचोळा वाजला. शेषराव मेथीचा भारा घेऊन उभे होते, किती वेळ ते ठाऊक नाही. त्यांनी भारा नारायणच्या उजव्या हाताला लागेल असा ठेवला, त्याच्या पुढ्यातली माती झाडली आणि विहिरीजवळची दोरीची गाठ ढिली झाली होती ती ओढून घट्ट केली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या चेहऱ्यावर काहीतरी मोडलेलं दिसेल. तसं काही नव्हतं. ते खूश होते.

"गुर्जी," ते म्हणाले, "चारची यष्टी आहे. निंघा."